बांधणाऱ्यानं खाली उभं राहायचं

पुलाच्या कामावर चार वर्षं काढली की किस्से न मागता साठतात. अडचण एवढीच, की आमच्या गँगचे हसवणारे किस्से सांगायला घेतले तरी शेवटी सखाराममामा येतातच, आणि हसणारे गप्प होतात. तरी सांगतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. पूर्णेवर रेल्वेचा पूल होत होता आणि मी तिथे हजेरी कारकून होतो. वाफेवरची क्रेन लोखंडी गर्डर उचलून खांबांवर ठेवायची. ती पाहायला पिंपळगाव राजाहून लोक भाकरी बांधून यायचे. एक म्हातारबा तासभर पाहून म्हणाले, "एवढं मोठं धूड, अन् कापूस वेचता येत नाई!"

*

सखाराममामा आमचे मुकादम. त्यांचा कायदा एकच. गर्डर दहा फूट उचलून थांबवायचा, ज्यानं साखळी बांधली त्यानं खाली जाऊन उभं राहायचं, मोठ्यानं शंभर मोजायचे, मगच गर्डर नदीवर न्यायचा.

रोहिणखेडचा नामदेव नवा होता. साखळी बांधून झाल्यावर त्याला हा कायदा सांगितला. त्याचा चेहरा उतरला. "मामा, थांबा! मी अजून एकदा बांधतो!"

असं तीनदा झालं. मामा म्हणाले, "आता शिकला बे तू!"

*

क्रेन चालवायचे करीमचाचा. पक्के बिडीबाज, पण ओझं हवेत असताना बिडीला हात लावत नसत. मी एकदा पुढे केली तर खेकसले, "वर लोखंड, खाली मानूस, अन् मी धूर काढू?"

*

नवे इंजिनीअर साहेब आले. ते सांगायचे, जगात याहून मोठ्या क्रेन आहेत, बंदरात तरंगतात आणि अख्खं जहाज उचलतात!

सगळे थक्क. नामदेव तेवढा विचारात पडला. "जहाज उचलते? मंग त्याच्या खाली कोन उभं राह्यते?"

साहेब हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

*

पावसाळा तोंडावर आला तेव्हा नवी साखळी आली. मामा प्रत्येक कडीवरून बोटं फिरवायचे. एका कडीवर ते थांबले. "साहेब, ही कडी चिरली आहे."

साहेबांनी लांबूनच पाहिलं. "नवी आहे. उचला! नाहीतर उद्यापासून सगळी गँग घरी."

बांधायची पाळी नामदेवची होती. मामांनी त्याला बाजूला सारलं. "सरक बे. मी बांधतो."

चाचांनी गर्डर उचलला. मामा खाली जाऊन मोजू लागले. आम्ही एक्केचाळीसपर्यंत ऐकलं.

रिपोर्ट मी लिहिला. मयत स्वतःच्या हट्टानं ओझ्याखाली उभा होता, असं साहेबांनी सांगितलं आणि मी तसंच लिहिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

*

आठ दिवसांनी दुसरी साखळी आली. साहेबांनी तीही लांबूनच पास केली. ओझ्याखाली कुणी जायचं नाही, असा हुकूमही काढला. पण नामदेव साखळीला हात लावेना. दुसरंही कुणी पुढे होईना. शेवटी साहेबांनी चिडून ती स्वतःच बांधली.

चाचांनी गर्डर दहा फूट उचलला आणि थांबवला.

"न्या पुढे!" साहेब ओरडले.

"खाली कोनी नाई, साहेब."

"हुकूम आहे तसा!"

"हाव. पन बांधली कोनं?"

साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी मान खाली घातली नाही. त्यांनी टोपी सारखी केली, गर्डरखाली जाऊन उभे राहिले आणि मोजू लागले. आम्हाला प्रत्येक आकडा ऐकू येत होता.

एक्केचाळीस आला. चाचांनी खिशातून बिडी काढली आणि पेटवली.