भुजबली अण्णांचा लघुग्रह

निपाणीच्या भुजबली अण्णांनी जन्मात कधी तंबाखू तोंडात घातली नाही, पण चाळीस वर्षं पोट भरलं ते तंबाखूवरच. वखारीत माल आला की अण्णा चिमूटभर तळहातावर घेत, उजेडाकडे धरत आणि कुठल्या रानातला, कुठल्या सालचा, पाऊस लागलेला की कोरडा, हे सांगून मोकळे होत. पुढे मोतीबिंदू आला. ऑपरेशन झकास झालं, पण वखारीचे मालक महादेवशेठ म्हणाले, "अण्णा, आता विश्रांती घ्या," आणि अण्णांच्या जागी त्यांनी एक यंत्र आणून बसवलं. यंत्राला चहा लागत नाही, एवढा एकच गुण अण्णांना त्यात दिसला.

बापाचं मन रमावं म्हणून लेकीने बेंगळुरूहून दुर्बीण पाठवली. मन रमलं, पण बायकोचा, त्रिशलाबाईंचा, बसायचा पाट गेला. अण्णा रोज सकाळी अंगणात दुर्बीण सूर्याकडे वळवत आणि मागे पाट उभा करून त्यावरच्या पांढऱ्या कागदावर सूर्य पाडत. दुर्बिणीतून थेट सूर्याकडे बघायचं नाही, हे डॉक्टरांनीही बजावलं होतं आणि त्रिशलाबाईंनीही. त्यातली भीती त्रिशलाबाईंची.

एका मंगळवारी कागदावरच्या सूर्यात एक काळा ठिपका शिरला आणि दोन मिनिटांत या काठावरून त्या काठाला जाऊन दिसेनासा झाला. बुध-शुक्र सूर्यासमोरून जातात तसे लघुग्रहही जातात, हे अण्णांनी पेपरात वाचलं होतं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला लघुग्रह कळला. संध्याकाळी सदलग्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा भाचा गोमटेश धावत आला.

"मामा, जात्यात व्हय, पण लई बारीक असत्यात. आपला अख्खा चिक्कोडी तालुका सूर्यासमोरनं उडत गेला तरी ह्या दुर्बिणीतनं दिसायचा न्हाय."

"तुझ्या पुस्तकात न्हाय म्हणून मला दिसला न्हाय व्हय रं?"

"तसं न्हवं मामा, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर..."

"निघालं! निघालं शेवटी तोंडातनं!"

झालं. हा प्रश्न आता आकाशाचा राहिला नाही, अण्णांच्या नजरेचा झाला. दुसऱ्या दिवशीही ठिपका आला, तेव्हा येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी येऊन बघावं, असा सांगावा गेला. पहिला गेला तो महादेवशेठना.

रविवारी अंगण भरलं. शेठना खुर्ची आणि उप्पीट मिळालं. कागदावर सूर्य आला आणि त्यात ठिपकाही आला. टाळ्या पडल्या.

"नजर ती नजर, अण्णा!" शेठ म्हणाले.

सूर्य सरकत कागदाबाहेर गेला. अण्णांनी दुर्बीण हलवून तो परत आणला. ठिपका पुन्हा आला, पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदाही आला, तेव्हा अण्णांचा चेहरा उतरला. तीच उंची, तीच दोन मिनिटं. पावतासात तीन फेऱ्या मारायला तो लघुग्रह होता की निपाणी-चिक्कोडी वडापची जीप?

त्यांनी गोमटेशकडे बघितलं. गोमटेश एकदम उप्पिटातले शेंगदाणे वेचायला लागला. त्याला केव्हाच कळलं होतं, पण मामांच्या अंगणात ते बोलवेना. अण्णांनी तेव्हा दुर्बिणीवर टोपण घातलं असतं तर माणसं टाळ्या वाजवत घरी गेली असती. पण चाळीस वर्षांत खराब मालाला त्यांनी चांगला म्हटलं नव्हतं. त्यांनी भिंगाची नळी जराशी फिरवली. तिच्याबरोबर ठिपकाही फिरला.

स्टँडवर शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटल्यासारखी वाटते, तसं झालं होतं. ठिपका जागचा हललाच नव्हता, सरकत होता तो सूर्य.

"मंडळी," अण्णा म्हणाले, "ह्यो लघुग्रह न्हाय. माझ्या भिंगावर कचरा हाय."

अंगण खदखदून हसलं. शेठ तर ठसका लागेपर्यंत हसले. अण्णांनी नळी काढली, ओल्या काडीच्या टोकाने तो कण उचलला, तळहातावर ठेवला आणि उजेडाकडे धरला. जुनी माणसं हसायची थांबली. हा हात त्यांच्या ओळखीचा होता.

"तंबाखू," अण्णा म्हणाले. "दुर्बिणीची खोळ कशाची केलीस गं?"

"तुम्हीच न्हवं का गेल्या महिन्यात वखारीतनं पोतं आणलं?" त्रिशलाबाई म्हणाल्या. "लई झटकलं मी. औंदाचा माल म्हणून शिक्का हाय बघा त्यावर."

"औंदाचा?" अण्णांनी हात शेठसमोर नेला. "शेठ, ह्यो दोन सालामागचा हाय. पाऊस लागलेला, परत वाळवलेला. तुमच्या यंत्रानं पास केला व्हय?"

शेठचा चमचा बशीतच राहिला. त्याच मालाची तीस पोती गिऱ्हाइकाने परवाच परत पाठवली होती, आणि ही गोष्ट शेठनी घरातसुद्धा सांगितली नव्हती.

माणसं पांगली. चपला घालता घालता शेठ हळूच म्हणाले, "अण्णा, उद्या धाला वखारीत येता?"

"साडेधाला," अण्णा म्हणाले. "धाला सूर्य बघायचा असतोय."