तिसऱ्या गिअरचा आवाज

मला कुनी 'बन्सी डायवर लई हुशार' म्हनलं की अंगाचा तिळपापड हुतो. आधी पीरमहंमद मिस्त्रींचं ऐका, मग म्हना.

नगरात त्यांचं गॅरेज. गिअरबॉक्स खोलावा तर त्यांनीच. आन त्यांची एक रीत हुती. काम झालं की मालकाला न्हाई, डायवरला संगं घ्यायचे आन पाच मैल फिरून यायचे. वाटभर डोळे मिटून बसायचे. जरा कुठं घरघर आली की, "फिरव माघारी!" पुन्हा सगळं खोलायचं, मग मालक कितीबी आदळआपट करू दे.

लढाई संपली त्या साली माझ्या मालकाला, कोपरगावच्या रंगनाथशेठला, खूळ लागलं. जुन्या मोटारीत त्यांनी लष्करी लिलावातलं दांडगं इंजिन बसवून घेतलं. गाडी अशी पळायची, काय सांगू! पर दुसऱ्या मिस्त्र्यांनी बसवलेले दोन गिअरबॉक्स दोन महिन्यांत दात पाडून बसले. मग आमी नगर गाठलं.

पीरमहंमद मिस्त्री म्हनले, "शेठ, इंजिनाचा जोर दुप्पट झालाय. साध्या गाडीत केसभर चूक खपते, हिच्यात न्हाई खपायची."

"आता तुटला तर तुमच्याकडं कुनी गाडी लावनार न्हाई, बघून घ्या," शेठ म्हनले. आन मिस्त्रींच्या त्या दोन हातांवर घरातली सात तोंडं जगत हुती.

मिस्त्रींनी जाड दाताची चाकं घडवून घेतली, दहा दिवस राबले. मग आमी दोघं फिरायला निघालो. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले न्हाईत. वाटभर माझ्याकडंच बघत हुते. मला वाटलं, माझं गाडी चालवनं बघत्यात. तिसऱ्या गिअरला बारीक किनकिन आली. मी ऐकली की! पर मिस्त्री गप, मग मी कोन बोलनारा? एवढ्या मोठ्या मानसाला मी गिअरबॉक्स शिकवायचा? गाडी साठावर गेली तसा मी खुशीत हसलो. मिस्त्री म्हनले, "चल, झालं."

आठ दिवसांनी राजूरच्या चढाला तिसऱ्या गिअरचे दात गेले. गाडी माघारी घरंगळली, ब्रेक पुरंना. कशीबशी डोंगराकडं घातली. शेजारी बसलेल्या शेठचा हात मोडला. तोंडाला येईल ते बोलत शेठ नगरभर फिरले आन महिन्याभरात मिस्त्रींचं गॅरेज ओस पडलं.

मी भेटाय गेलो. मिस्त्री गिअरचं ते दात तुटलेलं चाक मांडीवर घेऊन बसले हुते. दारातनं दोनदा हाक मारली, मान वर न्हाई. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तवा दचकले.

"कान कधी गेले, मिस्त्री?" मी ओरडून इचारलं.

"लढाईत. वरीसभर लष्करी इंजिनांजवळ काम केलं. मोठं बोलनं कळतं, बारीक आवाज न्हाई येत. कुनाला सांगू? बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोन आनील?" त्यांनी चाक खाली ठेवलं. "खरं सांग. आवाज येत हुता?"

"व्हय," मी म्हनलो. "पहिल्या दिवसापासनं."

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"मी तुझं तोंड बघत हुतो, बन्सी," ते म्हनले. "तू हसत हुतास."