पोखरलेला बांबू

नातवंडांनो, परवा व्हिडिओवर तुमचा बाबा म्हणाला, "आई, डिसेंबरात आलो की गच्चीवरचा तो पोखरलेला बांबू फेकून देतो." तो यायच्या आत हे लिहून ठेवते, कारण तसं मी एकदा केलेलं आहे.

गच्चीवरच्या कुंड्यांतल्या हिरव्या वांग्यांचं बी माझ्या सासूबाईंचं. दरवर्षी एक वांगं झाडावरच पिकू द्यायचं, बी धुऊन राखेत घोळायचं, डबीत ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या साफसफाईत मी साड्या वाळत घालायचे जुने बांबू काढले. बोट जाईल एवढी भोकं आणि खाली रोज भुसा! स्टीलचे पाइप लावले.

मग वांग्याला फुलं यायची आणि देठासकट गळायची. डबीतलं सगळं बी मी पेरून टाकलेलं. फळ धरलं नसतं तर ते वांगं आपल्या घरातून गेलंच असतं. खत बदललं, पाणी कमी केलं. शेवटी जवळच्या सोसले गावाहून दारावर भाजी आणणाऱ्या कानडी बाईला वर नेलं.

फुलांकडे बघायचं सोडून ती चहूकडे बघू लागली. "दुंबी एल्ली, अम्मा? भुंगे कुठं गेले?"

"ते काळे, निळ्या पंखांचे? बांबूत राहायचे. बांबू दिले टाकून."

"अय्यो! त्यांचं घर मोडलं आणि आता वांगी मागता? एवढं इंग्रजी शिकून?"

मला पटेना. भुंग्यांशिवाय पराग पडतात का बघायला फुलाखाली काळा कागद धरून बोटाने टिचकी मारली. काहीच नाही. मग तुम्ही इथे विसरलेला बॅटरीचा टूथब्रश देठाला टेकवला. घुर्र झालं आणि कागदावर पिवळी पूड सांडली! भुंगा फुलाला बिलगून असाच थरथरतो, तेव्हा पराग सुटतात. इतकी वर्षं वांगी चिरली, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

त्या हंगामात रोज सकाळी ब्रश फिरवून चार वांगी धरली. त्यातलं एक बियांसाठी ठेवलं. बाईने आपल्या कुंपणातला, जिथे ती औषध फवारत नाही तिथला, एक बांबू भुंग्यांसकट आणून दिला. तो मी कठड्याला बांधला. भुसा पडतो, झाडते.

यंदा सहा झाडांना वांगी लागली आहेत, आणि बांबूच्या तीन भोकांतून भुंग्यांची ये-जा चालू आहे.