लाल दोऱ्यातला सत्तेचाळीस

पाद्रीबाईंच्या, म्हणजे गावच्या पाद्र्याच्या बायकोच्या, बैठकीच्या खोलीत, शेकोटीच्या वर, लाल टाक्यांच्या भरतकामाचा एक नमुना चौकटीत लावलाय. येणारी प्रत्येक बाई विचारते, "किती बारीक काम! खाली नाव आहे ती डॉर्कस पेल म्हणजे तूच का गं?" डोकंच फिरतं माझं. मी टॅबिथा क्रेक. तीस वर्षं या घरातल्या चादरींवर लाल दोऱ्याने खुणा भरतेय. डॉर्कस वेगळी. ती गरीबखान्यात पहिल्याच हिवाळ्यात खोकून खोकून मेली. तिचं सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

आम्ही दोघी यॉर्कशायरमधल्या अनाथ मुलींच्या एका शाळेत वाढलो. सकाळी ओटची पेज, मग प्रार्थना, मग दिवसभर सुई. पांढऱ्या कापडावर एबीसीडी, आकडे, कोपऱ्यात पक्षी, खाली नाव, वय आणि शाळेतला आपला नंबर. चौदावं लागायच्या आत हा नमुना पुरा करायचा. तो बघूनच मोठ्या घरच्या बायका कामाला मुलगी निवडायच्या. जिला कुणी निवडलं नाही तिची रवानगी गरीबखान्यात, जहाजाचे जुने दोर उकलत बोटं सोलून घ्यायला.

डॉर्कसचा नंबर बासष्ट, माझा सत्तेचाळीस. ती माझ्याहून वर्षाने मोठी आणि तोंडाने फटकळ. आम्हाला शिवण शिकवणाऱ्या हार्करबाई नमुना उलटा करून तपासायच्या. मागची बाजू पुढच्याइतकी साफ नसली की घेतलीच कात्री. डॉर्कस म्हणायची, "या बाई स्वर्गात गेल्या ना, तर देवाचा झगासुद्धा उलटा करून बघतील!" हसता हसता आमची पेज सांडायची.

तेराव्या वर्षी तिचे डोळे अधू होत गेले. "टॅबी, या सुईला नेढं आहे का गं, की मेलीने बुजवून घेतलंय?" थट्टाच करत होती, पण दोरा दर वेळी नेढ्याच्या बाजूनेच जात होता. वरची मोठी अक्षरं तिने बोटांनी चाचपून भरली. खालच्या बारीक ओळी काही केल्या जमेनात. पाद्रीबाई कामाला मुलगी निवडायला यायला पाच दिवस उरले होते.

"मला गरीबखान्यात नाही जायचं गं," ती म्हणाली. "माझी आई तिथेच मेली. काहीतरी कर."

दुपारी जेवणानंतर हार्करबाईंना डुलकी लागायची. तेवढ्या वेळात मी तिचं कापड माझ्या मांडीवर ओढायची. तिच्या हातासारखे टाके जरा सैल घातले, पाठ साफ ठेवली. पाचव्या दिवशी नाव, वय, नंबर भरून मोकळी झाले. तिने त्यावरून बोट फिरवून विचारलं, "नीट आहे ना?"

"अगदी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाईंच्या समोर हार्करबाईंनी तो नमुना उलटा केला, सुलटा केला, चष्मा चढवला. "डॉर्कस पेल, सत्तेचाळीस?"

बासष्टच्या जागी मी माझाच नंबर भरला होता. मोजे, झगे, अभ्रे... सात वर्षं माझ्या प्रत्येक कपड्यावर मी तोच आकडा भरत आले होते. बोटं आपोआप तिकडेच वळली. देवाशपथ, मुद्दाम नाही केलं.

सगळं बाहेर आलं. हार्करबाई लालबुंद झाल्या. पाद्रीबाई मात्र खालच्या ओळी निरखत म्हणाल्या, "हे जिने केलं, तीच मला द्या. लहान असली तरी चालेल."

"बाई, वरच्या ओळी माझ्या आहेत हो!" डॉर्कस ओरडली. "धुणं धुईन, पाणी ओढीन. मलाही न्या!"

पाद्रीबाई जरा थबकल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खरं का गं? वरच्या ओळी हिच्या?"

हार्करबाईंनी माझा दंड दाबला. कानाशी पुटपुटल्या, "आंधळी मुलगी पाठवून शाळेची अब्रू घालवायची नाही मला. एक अक्षर बोललीस, तर तूही तिच्याबरोबर गरीबखान्यात."

एवढं 'हो' म्हणायचं होतं. तेवढंच.

"टॅबी, सांग ना गं. कुठे आहेस?" डॉर्कस हात पुढे करून हवेत मला शोधत होती. तिची बोटं माझ्या बाहीपर्यंत येत होती, आणि ती पोचू नयेत म्हणून मी एक पाऊल मागे सरले.