घरच्या घरी तपासणी

माझा धाकटा भाऊ एचआयव्हीने गेला. औषधं होती, सरकारी दवाखाना दोन स्टॉपवर होता. पण तिथे केसपेपरच्या खिडकीवर आमच्याच चाळीतला माणूस बसायचा, म्हणून तो तपासणीला कधी गेलाच नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मला अजूनही आधी राग येतो, रडू नंतर.

मी बोरिवलीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तो गेल्यावर काही महिन्यांनी मी घरी करायच्या तपासणीचे थोडे किट विकत आणून वाचनालयातल्या माझ्या कपाटात ठेवले. प्राचार्यांनी ते कॉलेजात वापरायला साफ मनाई केली. म्हणाले, "मॅडम, आपली मुलं गावाकडची. हे विषय त्यांना झेपत नाहीत."

मी तरी वाचनालयात मुलांना किट दाखवलं. त्यांना विषय व्यवस्थित झेपत होता. गोराईहून बोटीने येणारी, आरेच्या जंगलातल्या पाड्यांतली, शिकायला काकाकडे राहिलेली, सगळी नीट विचारत होती. बोटातून किती रक्त लागतं, किती वेळ थांबायचं. अडत होतं भलतीकडेच.

"घरच्या घरी म्हणे!" एक मुलगा म्हणाला. "संडासात दोन मिनिटं जास्त झाली की काका दार बडवतो, झोपलास काय रे? इथे तर वीस मिनिटं लागणार."

"काकालाच धरायला दे ना घड्याळ," दुसरा म्हणाला, आणि वाचनालयात सगळे मोठमोठ्याने हसले. मी त्यांना गप्प केलं नाही.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी मात्र हसली नाही. गोराईची, कोळ्याघरची. सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. ज्याच्याशी नुकतंच तुटलं होतं, त्या मित्राचा तिला फोन आला होता: माझी तपासणी पॉझिटिव्ह आली, तूही तपासून घे. चार दिवस ती जेवली नव्हती.

मी तिला किट दिलं, आणि इथेच चुकले. बाहेरून काही कळू नये म्हणून ते वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलं. आपल्याकडे दुकानदार पॅड असेच बांधून देतो, आणि अशी पिशवी घरातल्या सगळ्या बायकांची असते. इतकी वर्षं मीही ती तशीच वापरली आहे. तरी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. "वहिनीने घेतली पिशवी, मॅडम. तिला गरज होती."

"मग?"

"आतला कागद वाचला तिने. कोणाला बोलली नाही. पण रात्रभर माझ्याकडे बघत होती. मी ते खाडीत फेकलं."

आता परवानगी कोणाकडे मागायची? मी तिला मागच्या जुन्या अंकांच्या खोलीत नेलं, टेबल पुसलं, दुसरं किट समोर ठेवलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसले. एक प्राध्यापक जुना अंक मागायला आले. म्हटलं, वाळवीचं औषध मारलंय, उद्या या. चाळिशी ओलांडलेली शिकलेली बाई, वाळवीच्या नावाने खोटं बोलते आहे. कशासाठी, तर एका मुलीला वीस मिनिटं बंद दार मिळावं म्हणून.

ती पट्टी घेऊन बाहेर आली. एकच रेघ होती, असायला हवी तिथे; म्हणजे निगेटिव्ह. पट्टी तिने माझ्या हातात दिली. मग ती खाली फरशीवरच बसली आणि पाणी मागितलं.

मला तिला एवढ्यावर सोडता आलं असतं. पण कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: संबंध अलीकडचा असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तिचा अलीकडचाच होता. मी सांगितलं.

तिने बोटांवर महिने मोजले.

"तेव्हा माझी परीक्षा संपलेली असेल, मॅडम. मग घरातून बाहेर पडायला काय सांगू?"

"पुस्तक परत करायचंय म्हण," मी म्हणाले.

"निकालाआधी सगळी पुस्तकं जमा करावी लागतात. नोटीस तुम्हीच लावलीय."

मी कपाटातून एक जाड संदर्भग्रंथ काढला, तिच्या नावावर चढवला आणि परतीच्या तारखेची जागा कोरी ठेवली.

"एवढा मोठा?" ती म्हणाली. "वहिनी विचारेल, कधी वाचणार म्हणून."

"विचारू दे," मी म्हणाले.