पडवीतलं बोलणं

आमचा शेजारी माणसांशी फारतर होय, नाय नाहीतर बघूया एवढंच बोलतो. पण संध्याकाळी पडवीत बसून आपल्या निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या पर्शियन बोक्याशी तासभर पुटपुटत असतो. मी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी गेलो की गप्प होतो आणि बोक्याच्या अंगावरून फणी फिरवायला लागतो. माझ्याबद्दलच काही सांगत असेल, असं मला उगाच वाटायचं.

कणकवलीत आम्ही मांजरांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा मीच मागे लागून त्याला बोक्याचं नाव घालायला लावलं. "बघूया," म्हणाला, आणि त्या दिवशी चक्क इस्त्रीचा शर्ट घालून आला.

परीक्षकबाईंनी बोक्याला टेबलावर घेतलं. केस, दात, शेपूट पाहून त्या खूश दिसल्या. मग त्यांनी त्याच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. शेजारच्या पिंजऱ्यांतली मांजरं दचकली, पण बोका ढिम्म. त्यांनी पुन्हा, जोरात खुळखुळवला. बहिरं मांजर बाद, हा नियम आम्हीच ठेवला होता.

"बहिरा आहे हो हा. तुम्हाला माहीत नव्हतं?" बाईंनी हळूच विचारलं.

शेजाऱ्यानं बोक्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि तो बाईंकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाला, "माका म्हायत आसा. म्हणानच तर मी तेच्याकडे बोलतंय."

संध्याकाळी पडवीत पुन्हा पुटपुट सुरू झाली. मी उठून आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली.