परत येताना

धाटावच्या कंपनीत मी बायकांच्या आतल्या जखमांवर मलम लावायची नळी तयार करत होते. दट्ट्या दाबला की सगळं मलम एकाच जागी साचायचं आणि तिथे आग व्हायची. कितीतरी नमुने वाया गेले.

घरच्या गणपतीसाठी पाट द्यायला जोहे गावी गेले, तेव्हा तिथल्या मूर्तींच्या कारखान्यातली एक बाई मूर्तीच्या तोंडात लाल रंग देत होती. रबरी पिचकारीची बारीक नळी तिने थेट आतपर्यंत नेली आणि मग हलके दाबत, फिरवत बाहेर काढली. थेंबभरही रंग साचला नाही.

मी बघत राहिले तशी ती म्हणाली, "जाताना हात गप ठेवायचा गो. रंग द्यायचा तो परत येताना."

मी पर्समधली माझी नळी काढून कुजबुजत अडचण सांगितली. ती हसली नाही.

"मंग तर आनखी सावकाश. मूर्तीला दुखत नाय, बाईला दुखतं."

आमची नळी आता मागे येताना फिरते आणि मलम सगळीकडे सारखं लागतं. नळीच्या माहितीपत्रकात मी लिहिलेला 'सावकाश' हा शब्द मोजता येत नाही, म्हणून साहेब खोडायला निघाले होते. मी खोडू दिला नाही. नाव न विचारलेल्या त्या बाईची तेवढीच खूण माझ्याकडे आहे.